हंसावरून पडलेली नावं: खरा हंस कुठे आणि नुसतं नावच कुठे?

रानपाखरू:
मंडळी नमस्कार, मुलांसाठी भिंतीवर लावायचा एक मोठा तक्ता करतेय, पक्ष्यांवरून पडलेली नावं असा विषय आहे आणि पहिला मान हंसाला दिलाय. सुरू केलं तेव्हा वाटलं पाच-सहा नावं मिळतील, पण शोधत गेले तशा नद्या, बेटं, राजवाडे, तारे, खुर्च्या, आगगाड्या, फुटबॉलचे संघ असं काय काय निघत गेलं आणि आता कागद पुरेना झालाय.

खरी अडचण मात्र वेगळीच आहे. नावात स्वान (म्हणजे इंग्रजीतला हंस) किंवा हंस दिसतं म्हणून मागे पक्षी असेलच असं नाही. मुलांना चुकीचं काही सांगायचं नाहीये, त्यामुळे प्रत्येक नावाला रंग द्यायचा ठरवलंय. खरोखर हंस बघून नाव ठेवलं असेल तर एक रंग, आकार हंसासारखा म्हणून असेल तर दुसरा, आणि आडनाव वगैरे असेल तर तिसरा. तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. स्वान्सी शहर, स्वान-गांझ कॅथेटर, लुफ्थान्सा विमान कंपनी यांचा हंसाशी संबंध आहे का? आणि तक्त्याच्या मध्यभागी एकच गोष्ट मोठी काढायची तर कुठली काढू? ज्यांना जे पक्कं माहीत आहे ते लिहा, ऐकीव नको प्लीज.

नकाशेवाला:
ताई, मध्यभागी ऑस्ट्रेलियातली स्वान नदी काढा, दुसरा विचारच करू नका. कारण सांगतो.

रोमन कवी जुव्हेनल याने पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमाराला एखादी अशक्य कोटीतली गोष्ट सांगायची म्हणून काळ्या हंसाची उपमा वापरली होती, कारण युरोपातले सगळे हंस पांढरे. पुढे जवळजवळ सोळाशे वर्षं युरोपात काळा हंस म्हणजे जे असूच शकत नाही ते. आणि मग १६९७ च्या जानेवारीत विलेम डी व्लामिंग नावाचा डच कप्तान एका हरवलेल्या जहाजाच्या शोधात ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याला लागला, त्याची माणसं होड्या घेऊन एका नदीत वर वर गेली आणि तिथे पाण्यावर सगळे काळेच हंस. त्याने नदीला नाव दिलं काळ्या हंसांची नदी. यातले काही पक्षी पकडून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, पण नेले होते. म्हणजे ज्या गोष्टीला अख्खा खंड अशक्य म्हणत होता ती यांच्या होडीशेजारी पोहत होती!!

हे पण तक्त्यात लिहा की तिथल्या नूंगार लोकांना या पक्ष्यात नवल काहीच नव्हतं, ते हजारो वर्षं तिथे राहत होते, त्यांच्या भाषेत नदीचं नाव डर्बार्ल येरिगन आणि हंसाला माली म्हणतात. माझ्या मते हे लिहिल्याशिवाय गोष्ट अर्धीच राहते.

आता गंमत पुढे आहे. १८२९ मध्ये ब्रिटिशांनी तिथे वसाहत केली तिचं नाव नदीवरून स्वान रिव्हर कॉलनी, पर्थ शहर तेव्हाचंच. त्या वसाहतीचं चिन्ह काळा हंस झालं, आज वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या झेंड्यावर पिवळ्या गोलात तोच आहे. नदीच्या वरच्या अंगाची खोरं म्हणजे स्वान व्हॅली. निळीजांभळी रानडेझी तिकडून जगभरच्या बागांत गेली तिला लोक स्वान रिव्हर डेझी म्हणतात, फुलात हंसासारखं काहीही नाही, नाव नदीवरून आलंय. आणि सिडनी स्वान्स हा ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा संघ आहे ना, तो मुळात मेलबर्नचा, १९३३ च्या सुमाराला त्यांच्याकडे वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचे खूप खेळाडू आले म्हणून लोक त्यांना स्वान्स म्हणायला लागले, नंतर १९८२ मध्ये अख्खा संघ सिडनीला हलला आणि नाव पण बरोबर गेलं. पक्ष्यावरून नदी, नदीवरून वसाहत, वसाहतीवरून खेळाडू, खेळाडूंवरून संघ. तुमच्या तीन रंगांत हे कुठे बसवणार बघा, मला वाटतं चौथा रंग लागेल, नावावरून पडलेलं नाव असा.

ध्रुवमत्स्य:
नकाशेवाले, नदी छानच आहे पण आकाशातला हंस मध्यभागी का नको? तो तर जगात बहुतेक सगळ्यांना दिसतो, तिकीट काढून कुठे जायला नको.

हंस तारकासमूह, लॅटिनमध्ये सिग्नस, हा आकारावरून पडलेल्या नावांचा राजा आहे. बाकी कित्येक तारकासमूहांत सांगितलेला प्राणी शोधून सापडत नाही, इथे मात्र लांब मान, पसरलेले पंख, मागे शेपटी सगळं जागच्या जागी आहे आणि पक्षी बरोबर आकाशगंगेच्या पट्ट्यातून उडतोय असं दिसतं. शेपटीच्या ताऱ्याचं नाव डेनेब, अरबीत त्याचा अर्थ शेपूटच. चोचीवर अल्बिरिओ आहे तो साध्या डोळ्यांना एक तारा दिसतो पण छोट्या दुर्बिणीतून बघितला की एक सोनेरी आणि एक निळसर असे दोन दिसतात, कोणाला पहिल्यांदा दुर्बीण दाखवायची असेल तर मी हाच दाखवतो. डेनेब, अभिजित आणि श्रवण हे तीन जोडले की मोठा त्रिकोण होतो त्यावरून हंस पटकन सापडतो.

आणि या हंसाच्या नावावर पुढे किती गोष्टी जमा झाल्या बघा. ६१ सिग्नी नावाचा अगदी मंद तारा, पण १८३८ मध्ये बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने त्याचं अंतर मोजलं, सूर्य सोडून इतर ताऱ्याचं खात्रीचं मोजमाप प्रसिद्ध व्हायची ती पहिली वेळ. सिग्नस एक्स-१ हा १९६४ मध्ये रॉकेटवरच्या उपकरणांनी सापडलेला क्ष-किरणांचा स्रोत, त्यावरून १९७४ मध्ये स्टीफन हॉकिंग आणि किप थॉर्न या शास्त्रज्ञांची पैज लागली होती की हे कृष्णविवर आहे की नाही, हॉकिंग नाही म्हणाले होते आणि १९९० मध्ये त्यांनी हार मानली. केपलर दुर्बीण २००९ मध्ये सोडली तीपण हंस आणि शेजारचा स्वरमंडळ तारकासमूह याच भागाकडे टक लावून बसली होती, लाखाहून जास्त तारे एकाच वेळी, आणि तिथूनच दुसऱ्या सूर्यांभोवतीचे ग्रह भराभरा सापडले. अंतराळ स्थानकात सामान नेणारं मालवाहू यान आहे त्याचंही नाव सिग्नस, २०१३ पासून जातंय. त्यातल्या प्रत्येक यानाला अंतराळाशी संबंधित एका व्यक्तीचं नाव देतात आणि ऑक्टोबर २०२० मध्ये गेलेल्याला कल्पना चावला यांचं नाव दिलं होतं. हे मुलांना नक्की सांगा.

एक सावधगिरी. स्वान नेब्युला म्हणून जो तेजोमेघ आहे तो हंस तारकासमूहात नाही, तो धनू राशीत आहे, पाण्यावर बसलेल्या हंसासारखा दिसतो म्हणून ते नाव. तक्त्यात दोन्ही शेजारी काढलेत तर खाली लिहा की हे आकाशात वेगवेगळीकडे आहेत, नाहीतर मुलं शोधत बसतील.

आणि धूमकेतू हा मोठा सापळा आहे. २०२० मध्ये स्वान नावाचा धूमकेतू आला होता, त्यात हंस अजिबात नाही, सूर्याचा अभ्यास करणाऱ्या सोहो यानावरच्या एका उपकरणाच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळून स्वान होतं आणि धूमकेतू त्या उपकरणाच्या चित्रांत सापडला म्हणून ते नाव. वर आणखी गोंधळ म्हणजे धूमकेतूंना हिरवट रंग येतो तो कार्बनच्या रेणूमुळे, त्या प्रकाशाच्या पट्ट्यांना स्वान पट्टे म्हणतात, आणि ते विल्यम स्वान या स्कॉटिश शास्त्रज्ञाच्या आडनावावरून. म्हणजे एकाच धूमकेतूत दोन स्वान आणि पक्षी एकही नाही.

वॉर्ड नं सात:
स्वान-गांझ कॅथेटरचं मी सांगते, रोजचं काम आहे. ते आडनाव आहे, पक्षी नाही, तिसरा रंग. जेरेमी स्वान आणि विल्यम गांझ हे दोन डॉक्टर, १९७० मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. नळीच्या टोकाला इवलासा फुगा असतो, तो फुगवला की रक्ताच्या प्रवाहाबरोबर नळी आपोआप हृदयाच्या उजव्या बाजूतून फुफ्फुसाच्या धमनीपर्यंत वाहत जाते. डॉ. स्वान यांना ही कल्पना समुद्रावर शिडाची होडी वाऱ्याने सुसाट जाताना बघून सुचली होती. होडीच्या जागी हंस असता तर तुमचं काम सोपं झालं असतं पण नाहीये.

मेडिकलमध्ये खरा हंस आहे तो मानेच्या रूपात. संधिवाताच्या काही पेशंटच्या बोटांना स्वान नेक डिफॉर्मिटी होते, मधला सांधा मागे वाकतो आणि टोकाचा सांधा खाली झुकतो, बाजूने बघितलं की हंसाची मान आणि डोकं हुबेहूब. पेशंटला त्याने बटण लावणंसुद्धा अवघड होतं त्यामुळे मला ते नाव जरा जास्तच सुंदर वाटतं त्या आजारासाठी. पण शिकवताना उपयोग होतो, एकदा ऐकलं की कोणी विसरत नाही.

आणि पाश्चरचा चंबू राहिला की! १८६० च्या आसपास लुई पाश्चरने काचेच्या चंबूची मान तापवून ओढून हंसाच्या मानेसारखी नागमोडी केली. आत रस्सा उकळून ठेवला, हवा आत जाऊ शकत होती पण धूळ आणि जंतू त्या वळणात अडकत होते, रस्सा नासला नाही. मान मोडली किंवा चंबू तिरका करून रस्सा त्या वळणापर्यंत नेला की मात्र नासायचा. सजीव आपोआप तयार होतात या समजुतीला त्याने मोठा धक्का बसला. इथे आकार आहे म्हणून तर प्रयोग आहे, मान सरळ असती तर काहीच सिद्ध झालं नसतं. दुसऱ्या रंगात याला सगळ्यात वर ठेवा, खुर्चीबिर्ची त्याच्या खाली.

रानपाखरू:
अरे वा, एवढं सगळं! नकाशेवाले चौथा रंग मान्य, हिरवा ठेवते. डॉक्टर ताई पाश्चरचं माझ्या यादीत नव्हतंच, नक्की घेते. स्वान्सी आणि लुफ्थान्साचं कोणी सांगेल का? आणि इंग्लंडमध्ये दोन मानांच्या हंसाच्या नावाचे पब आहेत असं वाचलं, ते काय प्रकरण आहे?

गलबत:
स्वान्सीत हंस नाही. वेल्समधलं हे बंदर, नाव आलंय नॉर्स खलाशांच्या भाषेतून, स्वेन नावाच्या कोणाचं तरी बेट असा अर्थ. वेल्श लोक त्याला आबरतावे म्हणतात म्हणजे तावे नदीचं मुख, त्यातही हंस नाही. पण तिथल्या फुटबॉल क्लबच्या बिल्ल्यावर हंस आहे आणि संघाला लोक स्वान्सच म्हणतात. म्हणजे इथे उलटं झालंय, आधी नाव आणि मग त्यातून पक्षी जन्माला आला. तुम्हाला पाचवा रंग लागणार बहुतेक.

लुफ्थान्सात पण नाही. लुफ्ट म्हणजे हवा आणि हान्सा म्हणजे मध्ययुगातल्या उत्तर युरोपच्या व्यापाऱ्यांचा संघ. शेपटीवरचा पक्षी हंस नसून क्रौंच आहे, ते चित्र १९१८ मधलं आहे, आजच्या कंपनीच्या कितीतरी आधीचं. आपल्याकडे बरेच जण तो हंस समजतात कारण नाव कानाला तसं लागतं. तसंच हान्स बेट, ग्रीनलंड आणि कॅनडाच्या मधला ओसाड खडक, ज्याच्यावरून डेन्मार्क आणि कॅनडाचा वाद होता आणि २०२२ मध्ये दोघांनी वाटून घेतला, ते हान्स हेंड्रिक या ग्रीनलंडच्या वाटाड्याच्या नावावरून आहे. आणि दिव्यांच्या इतिहासात जोसेफ स्वान येतो, लंडनचं सॅव्हॉय थिएटर १८८१ मध्ये त्याच्या विजेच्या दिव्यांनी उजळलं, तेही आडनावच.

पबचं सांगतो कारण ती गोष्ट मला फार आवडते. इंग्लंडात हंस ही मालकीची गोष्ट होती. मोकळ्या पाण्यातल्या मूक हंस जातीच्या बेवारस पक्ष्यांवर राजाचा हक्क, आणि लंडनच्या दोन जुन्या व्यापारी संस्थांनाही हंस पाळायचा परवाना, एक वाइनवाल्यांची आणि एक रंगाऱ्यांची. कोणाचा पक्षी कोणाचा हे कळावं म्हणून चोचीवर खाचा करायचे, रंगाऱ्यांची एक, वाइनवाल्यांच्या दोन, राजाच्या पक्ष्याला काही नाही. दोन खाचांचा हंस म्हणजे वाइनवाल्यांचा, म्हणजे पबला शोभणारं नाव. इंग्रजीत खाच (निक) आणि मान (नेक) हे शब्द ऐकायला जवळचे, त्यातून पाटीवर दोन मानांचा हंस आला असं सांगतात. ही मोजणी अजून होते, दरवर्षी जुलैत टेम्स नदीवर लाल, निळे, पांढरे कपडे घातलेले लोक होड्यांतून पिल्लं धरतात, वजन करतात, जखमा बघतात, आता खाचा करत नाहीत, पायात कडी घालतात. मासेमारीच्या गळाने किती पिल्लांना इजा झाली हे त्यात कळतं त्यामुळे नुसता जुना थाट नाहीये तो, पक्ष्यांना खरंच उपयोग होतो.

सूरश्री:
सगळे पश्चिमेकडेच निघालात, थोडं इकडे पण बघा. हंसध्वनी राग विसरून कसं चालेल! कर्नाटक संगीतात रामस्वामी दीक्षितांनी अठराव्या शतकात बांधला, सा रे ग प नी एवढेच स्वर, मध्यम नाही आणि धैवत नाही. त्यांचेच चिरंजीव मुथुस्वामी दीक्षित यांची वातापि गणपतिम् याच रागात. पुढे भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ यांच्यामुळे तो हिंदुस्थानी संगीतात रुजला. ऐकताना एक प्रकारचा उजेड असतो त्यात, मध्यम नसल्यामुळे चाल उड्या मारत वर जाते. शिवाय हंसकिंकिणी आहे, हंसनारायणी आहे, कर्नाटकात हंसानंदी आहे. यांना कुठला रंग द्यायचा ते मात्र तुम्ही ठरवा, यात आकारही नाही आणि कोणी हंस बघून राग बांधला असंही नाही, कल्पनेतला हंस आहे.

आणि तोच कल्पनेतला हंस म्यानमारपर्यंत गेलाय. बागो शहराचं जुनं नाव हंसावती, तिकडच्या उच्चारात हंथावडी. तिथली आख्यायिका अशी की तो सगळा भाग समुद्राखाली असताना एक टेकाड तेवढं वर होतं, त्यावर हंसांची जोडी उतरली, जागा इतकी कमी की मादी नराच्या पाठीवर बसली, आणि तिथेच पुढे शहर वसलं. मोन लोकांचं चिन्ह आजही हंस आहे. थायलंडच्या राजाच्या मिरवणुकीतली मुख्य नाव सुपन्नहोंग म्हणजे सुवर्णहंस, पुढच्या टोकाला हंसाची सोनेरी मान, आताची नाव १९११ ची आहे. नदीवरचा हंस, नावेचा हंस, गाण्यातला हंस, तक्त्याला एक पट्टा या बाजूचा द्याच.

रूळ ओलांडू नये:
आगगाडी मी सांगतो. जपानमध्ये हाकुचो म्हणजे हंस या नावाची एक्सप्रेस १९६१ पासून २००१ पर्यंत ओसाका ते आओमोरी धावायची, हजार किलोमीटरहून जास्त, दिवसभराचा प्रवास, बराचसा जपान समुद्राच्या किनाऱ्याने. नंतर सुपर हाकुचो म्हणून समुद्राखालच्या बोगद्यातून होक्काइदोला जायची, २०१६ मध्ये त्या मार्गावर शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) आली आणि ती बंद झाली. उत्तर जपानात हिवाळ्यात सैबेरियातून हंस येतात, गाडीचं नाव त्या दिशेला शोभणारंच होतं.

अवांतर, रशियाचं टीयू-१६० हे बॉम्बर विमान, त्याला तिकडे पांढरा हंस म्हणतात, पांढरा रंग आणि पुढे काढलेली लांब मान. दिसायला देखणं आहे पण मुलांच्या तक्त्यात बॉम्बर नको असं माझं मत.

रानपाखरू:
सहमत, बॉम्बर नको. डेन्मार्कच्या आर्ने याकोब्सेन या डिझायनरची १९५८ ची हंस खुर्ची घेते. नॉर्डिक देशांचा पर्यावरणपूरक वस्तूंवरचा १९८९ पासूनचा हंसाचा शिक्कापण घेते, कारण तो मुलांना वस्तूंवर दाखवता येईल. जर्मनीतल्या नॉयश्वानस्टाइन राजवाड्याचं बघितलं, गावाचं नाव श्वानगाऊ (जर्मनमध्ये श्वान म्हणजे हंस), शेजारी हंसांच्या नावाचं तळं, राजा दुसरा लुडविग हंसवेडा, पण राजवाड्याला हे नाव तो १८८६ मध्ये वारल्यावर मिळालं. त्याला हिरवा रंग देतेय, नावावरून नाव.

ठरलं मग, मध्यभागी स्वान नदी आणि काळा हंस, वर सगळ्या रुंदीभर तारकासमूह. सूरश्री, कल्पनेतल्या हंसांना सोनेरी रंग देते.

नकाशेवाला:
मस्त. काढताना दोन गोष्टी सांभाळा. काळा हंस पूर्ण काळा नसतो, चोच लालभडक आणि टोकाजवळ पांढरा पट्टा, आणि उडताना पंखांची टोकाकडची पिसं पांढरी दिसतात, बसलेला असला की ती झाकलेली असतात. आणि झेंडा काढलात तर हंसाचं तोंड काठीच्या बाजूला हवं, पूर्वी ते उलट होतं, १९५३ मध्ये बदललं. जुन्या चित्रावरून उतरवू नका.

तिकीटही एक चिकटवा जमलं तर. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचं १८५४ चं पहिलं तिकीट काळ्या हंसाचंच, आणि १८५५ मधलं चार पेनीचं निळं तिकीट उलटा हंस म्हणून जगप्रसिद्ध आहे, संग्राहक त्यासाठी प्रचंड पैसे मोजतात. प्रत्यक्षात त्यात हंस सरळच आहे, भोवतीची चौकट उलटी छापली गेलीये. ते मुलांना आधी न सांगता दाखवा आणि विचारा यात उलटं काय आहे.